ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या शिक्क्यावर किती विसंबावे?

कराडच्या एका तरुण संग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. डिसेंबर 2018 मधील अ‍ॅडलेड कसोटीत एका भारतीय वेगवान गोलंदाजाने अंगात घातलेला म्हणून एक पांढरा शर्ट त्यांना 60,000 रुपयांना देऊ केला आहे. सोबत चकचकीत होलोग्राम आणि इंग्रजी प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्रावरचा फोन कोणी उचलत नाही. परदेशातील एका नामांकित ऑथेंटिकेटरकडे, म्हणजे वस्तू अस्सल आहे का हे तपासून देणाऱ्याकडे, चौकशी केली, तेव्हा शुल्क आणि पाठवणीचा खर्च ऐकूनच ते थबकले. आता त्यांचा प्रश्न असा आहे की, विश्वास कोणावर ठेवायचा, आणि विश्वासार्ह पारखी जर न्यूयॉर्कमध्येच बसलेला असेल तर सातारा-सांगलीच्या माणसाने हा छंद करायचाच कसा?

मी विट्याचा. मागाच्या आवाजातच वाढलो, त्यामुळे खेळाच्या आधी मला कापड कळू लागले. गेली वीसेक वर्षे सांगलीत विश्रामबागेतील घरी बसून मी सामन्यात वापरलेले शर्ट, पँटी, बॅटी आणि टोप्या तपासून देतो. या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. विश्वासार्हता आणि उपलब्धता हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे आपण धरून चालतो, ते बरोबर नाही. ज्या पारख्याला 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' असे विचारता येत नाही, आणि विचारले तर उत्तर मिळत नाही, त्याचा निष्कर्ष खरा असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही, कारण तो खरा आहे की नाही हे पडताळण्याचा मार्गच तुमच्याजवळ उरत नाही. पारखी किती लांब राहतो याला त्यामानाने फार महत्त्व नाही. गावातला माणूसही दार बंद करून बसू शकतो आणि सातासमुद्रापलीकडचा माणूस चार ओळींचे स्पष्ट उत्तर पाठवू शकतो.

'ऑथेंटिकेट केलेले' या एका शब्दाखाली निरनिराळ्या प्रतीचा पुरावा खपवला जातो, म्हणून आधी तो निवडून घेतला पाहिजे. सर्वांत भक्कम पुरावा प्रत्यक्ष साक्षीदाराचा. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने 2001 मध्ये सुरू केलेली पद्धत त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे प्रत्येक सामन्याला पोलीस सेवेतील आजी किंवा माजी कर्मचारी तपासनीस म्हणून हजर असतो. मैदानातून बाहेर आलेली वस्तू तो स्वतः पाहतो, तिच्यावर क्रमांक असलेला होलोग्राम लावतो, आणि त्या क्रमांकाची नोंद पुढे कोणालाही पाहता येते. त्याने जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर तो होलोग्राम लावत नाही. ही व्यवस्था उगीच उभी राहिली नाही. 1990 च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने केलेल्या तपासात खोट्या सह्या आणि खोटी प्रमाणपत्रे यांचे मोठे जाळे उघडकीस आले होते. टोनी ग्विन या विख्यात फलंदाजाला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःची खोटी सही असलेले चेंडू दिसले होते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्या होलोग्रामला किंमत आली ती चकाकीमुळे आलेली नाही. त्याच्यामागे उभा असलेला माणूस आणि उघडी असलेली नोंद यांमुळे आली. तुमच्या शर्टावरच्या होलोग्राममागे काय आहे? तसे होलोग्राम छापून देणारे कोणत्याही मोठ्या शहरात सापडतात. क्रमांक टाकल्यावर एखादे पान उघडले आणि त्यावर वस्तूचा फोटो, तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचे नाव दिसले, तर पुढे बोलता येईल. नुसते 'व्हेरिफाइड' एवढेच दिसत असेल, तर विक्रेत्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे असे समजावे.

खेळाडूकडून किंवा संघाकडून थेट आलेली वस्तू म्हणजे निर्धास्त, असेही मानू नये. न्यूयॉर्क जायंट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ आणि त्याचा खेळाडू एली मॅनिंग यांच्यावर 2014 मध्ये काही संग्राहकांनी दावा लावला होता. सामन्यात न वापरलेली हेल्मेट वापरलेली म्हणून बाजारात गेली, असा त्यांचा आरोप होता. मॅनिंग यांनी तो नाकारला आणि 2018 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले, त्यामुळे दोष कोणाचा हे न्यायालयात ठरले नाही. तरीही त्या दाव्यानंतर 'खुद्द खेळाडूकडून' हे दोन शब्द मी पूर्वीच्या सहजतेने स्वीकारत नाही.

दुसरा पुरावा छायाचित्राचा, ज्याला या क्षेत्रात फोटो-मॅचिंग म्हणतात. आपल्याकडे साक्षीदार जवळजवळ कधीच उपलब्ध नसतो, त्यामुळे आपली खरी भिस्त यावरच आहे. हातातील वस्तू आणि सामन्यातील स्पष्ट छायाचित्र यांची तुलना करून, त्याच वस्तूवर असू शकेल अशी खूण दोन्हीकडे शोधणे, एवढे हे काम आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मॅराडोनाचा शर्ट. 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध खेळताना त्याने हाताने केलेला तो वादग्रस्त गोल आणि त्यानंतरचा अद्भुत गोल केला. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी शर्टाची अदलाबदल केली. मे 2022 मध्ये तो शर्ट लंडनच्या सोदबीजमध्ये सुमारे 71 लाख पौंडांना विकला गेला. लिलावापूर्वी मॅराडोनाच्या मुलीने आक्षेप घेतला होता की, हा पहिल्या अर्धातला शर्ट आहे, गोल दुसऱ्या अर्धात झाले. घरच्या माणसाचा आक्षेप, तोही इतका नेमका! त्याला उत्तर मिळाले ते छायाचित्रांच्या जुळणीतून.

ही जुळणी शक्य का झाली, हे मला त्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. अर्जेंटिनाच्या संघाने ते निळे शर्ट सामन्याच्या तोंडावर मेक्सिको सिटीतील दुकानांतून घाईघाईने आणले होते, आणि त्यांच्यावर संघाची चिन्हे व चंदेरी आकडे ऐनवेळी हाताने लावले गेले होते. घाईत हाताने लावलेली पट्टी दोन शर्टांवर केसाइतकीही सारखी बसत नाही. कोठे चिन्ह जरा तिरपे, कोठे आकडा शिवणीच्या अंमळ जवळ. यंत्राच्या सफाईत जे हरवते, ते हाताच्या चुकीत टिकून राहते.

यावरूनच आजच्या क्रिकेट शर्टांची अडचण कळते. रंगीत शर्टाचे नक्षीकाम कापडाच्या तुकड्यांवर उष्णतेने छापून मग शिवतात, त्यामुळे वरवर पाहता सगळे शर्ट सारखेच दिसतात. अशा वेळी नजर शिवणीवर न्यावी. छापलेले दोन तुकडे जेथे जोडले जातात, तेथे रेघ रेघेला किती मिळाली, आकड्याची कडा शिवणीपासून किती अंतरावर आहे, जाळीदार कापडाची छिद्रे अक्षराच्या कोणत्या वळणाखाली येतात, हे प्रत्येक शर्टात थोडेथोडे बदलते. बॅटीचे काम त्यामानाने सोपे आहे. विलोच्या लाकडाचे रेशे, त्यातील बारीक गाठी आणि डाग यांची मांडणी दुसऱ्या बॅटीत तशीच्या तशी येत नाही. स्टिकर बदलता येतो, ग्रिप बदलता येते, रेशे बदलता येत नाहीत.

तिसरा प्रकार म्हणजे नुसते मत. 'कापड, लेबल आणि छपाई त्या काळाशी जुळते' एवढेच त्यात म्हटलेले असते. ते खोटे नसते, पण त्या काळातील शेकडो शर्टांना ते लागू पडते. बाजारातील बहुतेक प्रमाणपत्रे या तिसऱ्या प्रकारची असतात आणि पहिल्या प्रकारच्या भावाने विकली जातात.

मत अपुरे असले, तरी खोटी वस्तू बाद करण्यासाठी ते फार उपयोगी पडते, आणि हे काम तुम्ही स्वतः घरी बसून फुकट करू शकता. भारतीय संघाचे कपडे 2006 पासून 2020 पर्यंत नायकेचे होते, त्यानंतर एमपीएल, 2023 च्या सुरुवातीला काही महिने किलर आणि मग आदिदास. छातीवरचे नाव सहाराचे, 2014 पासून स्टारचे, 2017 पासून ओप्पोचे, सप्टेंबर 2019 पासून बायजूजचे आणि 2023 पासून 2025 पर्यंत ड्रीम इलेव्हनचे. आयसीसीच्या विश्वचषक स्पर्धांत छातीवर देशाचे नाव असते, प्रायोजकाला बाहीवर जावे लागते. 1992 च्या विश्वचषकात पाठीवर नावे आली, पण आकडे विश्वचषकात 1999 मध्ये दिसले. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव आणि आकडा 1 ऑगस्ट 2019 रोजी सुरू झालेल्या अ‍ॅशेस मालिकेपासून येऊ लागला. मागे एक गृहस्थ 2019 च्या विश्वचषक उपांत्य सामन्यातील म्हणून एक शर्ट घेऊन आले, त्याच्या छातीवर मोठ्या अक्षरांत बायजूज होते. उपांत्य सामना जुलैचा, प्रायोजक सप्टेंबरचा, आणि जागा तर विश्वचषकात मुळीच न मिळणारी. त्यांनी मोजलेली रक्कम ऐकून मला चहा देखील गोड लागला नाही.

आता तुमच्या शर्टाकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत समोर नायके आणि ओप्पो दिसते आहे. डिसेंबर 2018 शी ते जुळते. पाठीचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही. पाठीवर नाव किंवा आकडा असेल तर विषय तेथेच संपतो. पाठ कोरी असेल तर वस्तू बाद होत नाही, पण ती कोणाची हे सांगणारी एकही खूण तिच्यावर राहत नाही, ही खरी अडचण आहे. शिवाय वेगवान गोलंदाज घामाने भिजलेला शर्ट दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा बदलतो, त्यामुळे 'अ‍ॅडलेड कसोटीतला' एवढे सांगून भागत नाही. कोणत्या दिवशीचा, कोणत्या सत्रातला, हे विक्रेत्याला विचारा. ज्याच्याजवळ खरी माहिती असते, त्याला असा प्रश्न आवडतो.

वापराच्या खुणा कशा वाचायच्या, हे एका प्रसंगावरून सांगतो. इस्लामपूरचा एक मुलगा फिरकी गोलंदाजाची म्हणून कसोटीची पांढरी पँट घेऊन आला होता. मांडीवर चेंडू घासल्याचा लाल डाग होता, आणि तोच डाग विक्रेत्याने पुरावा म्हणून दाखवला होता. मी पँट खिडकीपाशी नेली आणि उलटी केली. डाग आतल्या बाजूलाही तितकाच लाल होता. चेंडूच्या कातड्याचा रंग कोरड्या घर्षणाने कापडाला लागतो. तो धाग्यांच्या उंचवट्यावर बसतो, आखूड उभ्या फटकाऱ्यांसारखा दिसतो, आणि आतल्या बाजूला त्याची फार तर पुसट छटा उतरते. हा रंग मात्र ओला लागलेला होता, कडेला पसरून त्याची गडद रेघ झाली होती, जशी कागदावर शाई पसरते. भिंग लावण्याचीही गरज पडली नाही. माझी बायको मागून येऊन म्हणाली, 'अहो, हा तर आलता आहे.' आणि तो आलताच होता. त्या पँटीच्या पोटरीमागे पॅडच्या वेल्क्रोने ओढलेले धागे नव्हते, गुडघ्यावर गवताची हिरवट झाक नव्हती, कमरेच्या आतल्या पट्टीवर घामाचा पिवळेपणा नव्हता. डाग एकच होता, आणि नेमका गिऱ्हाइकाला दिसेल तेथे होता. खऱ्या वापराच्या खुणा सहसा अशा सोयीच्या जागी नसतात.

सांगलीकरांना आणखी एक इशारा देतो. 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथील कपड्यांच्या शिवणींत बसलेला गाळ आजही भिंगाखाली दिसतो. अशा शर्टांवरची माती 'मैदानातली' म्हणून विकलेली मी पाहिली आहे. मैदानातली माती जेथे अंग जमिनीला लागते तेथे, म्हणजे कोपर, कूस आणि गुडघा येथे असते. पुराचा गाळ सगळीकडे सारखा असतो, खिशाच्या तळाशी सुद्धा.

सही आणि वापर यांची गल्लत तर नित्याची आहे. आपल्या सांगलीतच याचे सुंदर उदाहरण आहे. स्मृती मानधनाने 2013 मध्ये महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध 19 वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात नाबाद 224 धावा केल्या, आणि त्या काळात ती ज्या बॅटीने खेळत होती, ती राहुल द्रविडने सही करून दिलेली होती. घरी शोभेला ठेवायची म्हणून आलेली बॅट हातात घेतल्यावर तिला तोल आवडला आणि ती मैदानात गेली. अशा बॅटीवर सही एकाची आणि धावा दुसऱ्याच्या. केवळ सही तपासणारा पारखी तिला 'द्रविडची बॅट' ठरवून मोकळा होईल, आणि सहीपुरते त्याचे म्हणणे खरेही असेल. म्हणून सहीचे प्रमाणपत्र हाती आले की, ते वापराविषयी काय म्हणते हे वेगळे वाचावे. बहुतेक वेळा ते त्याविषयी काहीच म्हणत नाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकल्यापासून स्मृतीच्या 18 क्रमांकाचे शर्ट घेऊन माझ्याकडे येणारी मंडळी वाढली आहेत. आतापर्यंत आलेला प्रत्येक शर्ट चाहत्यांसाठी विकला जाणारा निघाला.

आता उपलब्धतेविषयी. मोठ्या परदेशी संस्था आपल्याला दुर्मीळ वाटतात, पण आपल्या वस्तूंच्या बाबतीत त्यांच्याकडे तरी काय आहे, हा प्रश्न आपण विचारत नाही. बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या छायाचित्रांचे मोठे साठे त्यांच्या हाताशी आहेत, पण रणजी सामन्याचे, जिल्हा कबड्डीचे किंवा कुस्तीच्या फडाचे छायाचित्र त्यांच्याकडे कोठून येणार? विजय हजारे सांगलीत जन्मले. जानेवारी 1948 मध्ये त्याच अ‍ॅडलेडला त्यांनी कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली. त्यांच्या काळातील लोकरी स्वेटर कोणी आणला, तर त्यावर ना नाव, ना आकडा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले; त्यांच्या नावाने कोणी जाकीट आणले तर अमेरिकेतील तज्ज्ञ काय सांगणार? अशा वस्तूंसाठी घरातील माणसे, जुन्या तालमीतील वस्ताद, पेठेतील फोटो स्टुडिओचे निगेटिव्हचे डबे आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचे संग्रह हेच खरे दफ्तर आहे. तेथे पोहोचायला एसटीचे तिकीट पुरते. फक्त कुटुंबाच्या सांगण्याला लेखी स्वरूप द्यावे: वस्तू कोणी, कोणाला, कधी, कोणत्या निमित्ताने दिली, आणि ती कोठे ठेवलेली होती. आठवण प्रामाणिक असूनही चुकते, म्हणून त्या सांगण्यातील निदान एक गोष्ट तरी स्वतंत्र कागदाशी ताडून पाहावी.

जुन्या स्वेटरांविषयी जाता जाता एक. काही जण अतिनील दिव्याखाली कापड चमकले की 'नवे' म्हणून मोकळे होतात. आधुनिक धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरींत घातलेल्या शुभ्रकांमुळे ते चमकते हे खरे, पण आजीने जपलेला अस्सल स्वेटर सुनेने गेल्या वर्षी पावडरीत बुडवला असेल तरी तो चमकेल. न चमकणे हा पुरावा बरा, चमकणे हा कच्चा.

आंतरराष्ट्रीय सामन्याच्या वस्तूसाठी परदेशी पारख्याची गरज खरोखर पडली, तरी वस्तू लगेच पाठवू नये. सकाळच्या उजेडात, सपाट टेबलावर, शेजारी मोजपट्टी ठेवून पुढून, मागून, उलटे करून, प्रत्येक शिवणीचे आणि लेबलचे फोटो घ्यावेत. काही फोटो उजेड तिरका पडेल असे घ्यावेत, म्हणजे कापडाचा उंचसखलपणा दिसतो. सामन्याची उच्च दर्जाची छायाचित्रे वृत्तछायाचित्र संस्थांकडून रीतसर पैसे भरून घेता येतात. एकदोन छायाचित्रांचा खर्च पूर्ण तपासणीच्या मानाने किरकोळ असतो. अर्धे काम तुम्हीच केलेत, तर 'या फोटोंवरून प्राथमिक मत द्याल का?' असे विचारता येते. पूर्ण तपासणीला काही शे डॉलर आणि विम्यासह पाठवणी लागणार असेल, तर 15,000 रुपयांच्या शर्टासाठी तो खर्च वेडेपणाचा आहे. दहा लाखांच्या बॅटीसाठी तो न करणे वेडेपणाचे आहे. वस्तू परत येताना कस्टम्सला ती नवी आयात वाटू नये, म्हणून पाठवतानाच तसे कागद करून घ्यावेत. एका परिचितांनी ते केले नाहीत आणि स्वतःच्याच शर्टावर शुल्क भरले.

मजबूत तपासणीमुळे किमतीत काय फरक पडतो, हेही पाहा. 1932 च्या वर्ल्ड सिरीजमधील बेब रूथ या बेसबॉलपटूचा शर्ट 2005 मध्ये सुमारे 9.4 लाख डॉलरना गेला होता. पुढे तो छायाचित्रांशी जुळवला गेला आणि ऑगस्ट 2024 मध्ये 2.41 कोटी डॉलरना विकला गेला. सगळी वाढ तपासणीचीच असे मी म्हणणार नाही, या वीस वर्षांत बाजारही बदलला. पण इतका पैसा जेथे अडकलेला असतो, तेथे तपासणाऱ्यावरही दबाव येतो, हे ओघानेच आले. म्हणून त्याचे शुल्क कोण देतो आणि निष्कर्ष होकारार्थी आला तरच ते मिळते का, हे विचारावे. वस्तूच्या किमतीवर टक्केवारी घेणाऱ्या किंवा स्वतःच विक्री करणाऱ्या पारख्याला मी लबाड म्हणत नाही, पण त्याच्या शब्दाला अर्धेच वजन देतो. मी ठरावीक रक्कम आधी घेतो, निकाल काहीही लागो. त्यामुळे गिऱ्हाईक कधी कधी रागावून जाते.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला सांगतो: 'तुम्ही शेवटचे कधी चुकलात, आणि तेव्हा काय केलेत?' मला तो विचारला तर माझे उत्तर तयार आहे. काही वर्षांपूर्वी मी एका रणजीपटूची बॅट स्टिकर, चेंडूच्या खुणा आणि देणाऱ्याचा शब्द यांवर विसंबून खरी ठरवली. दीड वर्षाने एका छायाचित्रकाराच्या जुन्या संग्रहात त्याच सामन्याचे छायाचित्र मिळाले. त्यातील बॅटीला टोकाजवळ एक ठळक गाठ होती, मी पाहिलेल्या बॅटीला नव्हती. मी शुल्क परत केले, ज्यांच्याकडे बॅट गेली होती त्यांना लेखी कळवले, आणि तेव्हापासून एक वही ठेवली आहे. बदललेला प्रत्येक निष्कर्ष कारणासह तीत लिहितो. ती वही कोणीही येऊन पाहू शकतो. सध्या तीत अकरा नोंदी आहेत. 'मी कधीच चुकलो नाही' असे म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजावा आणि वस्तू घेऊन घरी यावे.

फसवणूक झालीच, तर कायद्याचा रस्ता वाटतो तितका लांब नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जेथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्या बाबतीत साताऱ्याला. विक्रेता दिल्लीचा असला तरी हरकत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र विकणारा व्यापारी असावा लागतो. हौशी माणसाकडून खासगीत घेतलेल्या वस्तूला हा मार्ग चालत नाही, तेथे दिवाणी दावा किंवा पोलीस एवढेच उरते. दोन्ही ठिकाणी कामाला येते ते विक्रेत्याने लेखी केलेले वर्णन. 'मॅच-वॉर्न' (म्हणजे सामन्यात घातलेला) हा शब्द, सामना आणि तारीख पावतीवर लिहून मागा. 'प्लेअर इश्यू' असे लिहून द्यायला तो तयार असेल आणि 'मॅच-वॉर्न' लिहायला कचरत असेल, तर तुम्हाला हवे ते उत्तर मिळाले. प्लेअर इश्यू म्हणजे खेळाडूंसाठी बनवलेला शर्ट. तो कोणी अंगात घातला असेलच असे नाही.

तुम्ही पैसे अजून दिलेले नाहीत, हे उत्तम झाले. विक्रेत्याकडून पाठीचा फोटो, आतल्या लेबलचा फोटो आणि कॉलरच्या आतील बाजूचा फोटो मागवा, आणि होलोग्राम देणाऱ्याला ईमेलने एवढेच विचारा की, निष्कर्ष कोणत्या छायाचित्रावरून काढला. आठ दिवस वाट पाहा. उत्तर आले, तर ते छायाचित्र आणि शक्य झाल्यास शर्ट घेऊन सांगलीला या. विक्रेता आठ दिवसांसाठी शर्ट पाठवायला तयार असेल तर अनामत रक्कम किती आणि ती परत कशी मिळणार, हे आधी लिहून घ्या. आणताना शर्ट धुऊ नका, इस्त्री करू नका, डांबराच्या गोळ्यांत ठेवू नका. सुती कापडात सैल गुंडाळून आणा आणि सकाळी दहाच्या आत पोहोचा, कारण माझ्या टेबलावर त्यानंतर ऊन सरळ पडते आणि तिरका उजेड मिळत नाही.